तेलाचा धवला

"मग त्या ओळीला तू थांबलीस कशाला, आये?"

सुगंधाने पुन्हा तेच विचारले. चांगुणाबायच्या तोंडात मशेरी होती, आणि मशेरी तोंडात असताना चांगुणाबाय प्रत्यक्ष देवालाही उत्तर देत नसे, हे अख्ख्या भेंडवली गावाला ठाऊक होते.

सुगंधा म्हातारीच्या ओटीच्या पायरीवर बसून राहिली. खाडीवरून सकाळचा खारा वारा येत होता. शेजारच्या आळीतल्या लग्नघरात भांडी वाजत होती.

"मी नसते तर काल तुझी लाज गेली असती," सुगंधा म्हणाली. "सगळा मांडव तुझ्या तोंडाकडे बघत होता."

चांगुणाबायने बोट गालातून फिरवले.

"बरं झालं, मी मागे उभी होते. लगेच ओळ उचलली. कुणाला कळलंसुद्धा नाही."

व्यासपीठावर जायला लागल्यापासून सुगंधाच्या बोलीला इस्त्री झाली होती. आपल्या घरी सासूशी बोलतानाही ती आता जाहीर कार्यक्रमात बोलल्यासारखे बोले. सासू बिचारी अशा वेळी उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई.

पण बाई कर्तबगार, यात वाद नाही.

खाडीकाठच्या आगरी गावांत लग्न लावायला भटजी येतो तो फार उशिरा. त्याआधी मांडव घालण्यापासून हळद कुटण्यापर्यंत सगळे धवलारणीच्या गाण्यावर चालते. तिने धवला म्हटला की उखळात मुसळ पडते, तिने म्हटला की नवरीच्या अंगाला तेल लागते. ती गप्प बसली तर पुढचे काम अडते. निदान पूर्वी अडायचे. मग हळदीला मोठमोठे स्पीकर आले, त्यांच्या धडधडीने घरांची कौले हलायला लागली, आणि धवलारणी कोपऱ्यात बसून चहा पिऊन घरी जायला लागल्या.

सुगंधाने त्या कोपऱ्यातून चांगुणाबायला, सगळे गाव जिला आये म्हणे त्या धवलारणीला, पुन्हा मांडवाच्या मधोमध आणून उभे केले. ती लग्न होऊन भेंडवलीत आली, महिला मंडळात शिरली आणि बघता बघता मंडळ तिच्याभोवती फिरू लागले. धवले संपेपर्यंत स्पीकरवरची इतर गाणी बंद, असा ठराव तिने गावाकडून करून घेतला. दर रविवारी पोरींचा वर्ग सुरू केला. आसपासच्या गावांतल्या बायका धवल्यांच्या निमित्ताने एकमेकींकडे जाऊ-येऊ लागल्या, दवाखान्याच्या, शाळेच्या गोष्टी त्याच बैठकीत निघू लागल्या, आणि बंद पडलेली बालवाडी त्यांनी मागे लागून पुन्हा सुरू करून घेतली. गाणे टिकले तर गाव टिकेल, असे सुगंधा प्रत्येक भाषणात सांगे.

हे सगळे खरेच चांगले होते. ते चांगले आहे हे सुगंधाला जरा जास्तच ठाऊक होते, एवढेच.

धवले तिला सगळे पाठ होते. चांगुणाबायच्या मागे उभी राहून ती साथ करी, गळ्याशी छोटा माईक लावून. तिला हवी होती एकच गोष्ट. चांगुणाबायने चारचौघांत म्हणावे, की आता ही धवलारीण. पण तो विषय निघाला की म्हातारीला नेमके काहीतरी काम आठवे.

आणि गेली काही वर्षे म्हातारी विसरायला लागली होती. भर मांडवात गाता गाता थांबायची. इकडेतिकडे बघायची. "मंग काय गो?" असे म्हणायची. मागून सुगंधा चटकन ओळ उचलायची, आणि बायका एकमेकींना सांगायच्या की गावची ही सून नसती तर म्हातारीचे काही खरे नव्हते. सुगंधाला ते ऐकू येई. ऐकू यावे अशा बेतानेच ती उभी राही.

काल संध्याकाळी हळदीलाही तेच झाले होते.

चांगुणाबायने तांब्यातले पाणी तोंडात घेतले, चूळ भरली, पदराने तोंड पुसले.

"भागूबाय जेवली काल?"

सुगंधाला या प्रश्नाचा इथे काय संबंध ते कळेना. "नाही. ती गेली. तेल लागायच्या आधीच मांडवातून निघाली."

"कवा निघाली?"

"मी ओळ म्हटली ना... त्याच्यानंतर लगेच."

"हं."

भागूबाय म्हणजे नवरीची आत्या. खाडीपलीकडच्या गावात दिलेली. तिची आई इथे भेंडवलीत वारली तेव्हा भावजयीने, म्हणजे नवरीच्या आईने, कमलने, निरोप वेळेवर धाडला नाही. का धाडला नाही, याच्या गावात अनेक कथा होत्या. भागूबाय आली तेव्हा चिता विझून गेली होती. आईचे तोंड काही तिला दिसले नाही. तेव्हापासून तिने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता आणि कमलशी एक शब्द बोलली नव्हती.

भाचीच्या हळदीलाही ती येणार नव्हतीच. चांगुणाबाय स्वतः खाडी ओलांडून गेली आणि तिला म्हणाली, की कोणाशी बोलू नको, पाणीपण पिऊ नको, नुसती येऊन उभी राहा.

तशी ती येऊन उभी राहिली होती. मांडवाच्या कडेच्या खांबाशी. पायांतल्या चपला न काढता.

"मी थांबले तवा कुठं बगत व्हते?" चांगुणाबायने विचारले.

"कुठे म्हणजे... इकडेतिकडे. आठवत होतीस."

"कुठं बगत व्हते, सुगंधा?"

सुगंधाने डोळ्यांपुढे मांडव आणला. तेलाचा धवला चालला होता. मांडव घातला दारी गो, सावली परली घरी, तेलाची वाटी गो घेऊन, कोन आली... इथे म्हातारी थांबली. तिची मान वळली. कडेच्या खांबाकडे वळली.

खांबाशी भागूबाय होती.

आणि आता सुगंधाला ते दिसले, जे काल डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते. भागूबायचे ओठ उघडले होते. छाती वर आली होती. तिने श्वास घेतला होता. आणि त्याच क्षणी स्पीकरमधून सुगंधाचा स्वच्छ, गोड आवाज मांडवभर पसरला होता. भागूबायने तोंड मिटले. मग ती वळली आणि चालू लागली.

"आये... ती ओळ आत्याची होती?"

"तेल आत्या आनते," चांगुणाबाय म्हणाली. "मंग ते कोन बोलंल?"

सुगंधाला आधीची लग्ने आठवू लागली.

घरतांच्या लग्नात म्हातारी मांडवात उंबराची फांदी आणतानाच्या धवल्यात थांबली होती, तेव्हा ती कुठे बघत होती? दाराआड उभ्या राहिलेल्या घरतांच्या विधवा सुनेकडे. तिला त्या दिवशी कोणी पुढे ये म्हटले नव्हते. ठाकुरांकडे थांबली तेव्हा? कोपऱ्यात त्यांची नवी सून होती, लांबच्या गावची, गावात जिची अजून कोणाशी ओळख नव्हती. दर वेळी कोणीतरी होते. कडेला, खांबाआड, दाराआड. आणि दर वेळी सुगंधाने झडप घालून ओळ पुरी केली होती आणि लोकांची शाबासकी घेतली होती.

तिचे कान तापले. आपण आत्ता इथे कोणाला दिसू नये, असे तिला वाटले. ओटीखालच्या कोंबड्यांनाही दिसू नये.

"तू मला एकदा तरी सांगायचं होतंस," ती पुटपुटली.

"तुला तुजाच आवाज आयकू येत व्हता," चांगुणाबाय म्हणाली. यात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावे तसे तिने ते सांगितले.

मग तांब्या उचलून ती उठली.

"आज पोरीच्या न्हानाला तू जा. मी नाय येत."

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरीला न्हाऊ घालतात तेव्हा तेलाचा धवला पुन्हा लागतो. म्हातारी म्हणत होती, की तो तू एकटीने म्हण. याच वाक्यासाठी सुगंधाने इतकी वर्षे कळ काढली होती. कालपर्यंत ती ते ऐकून हवेत तरंगत घरी गेली असती. आज मात्र तिला आधी खांबाशी उभी असलेली भागूबाय आठवली.

"आत्या येईल का पण?"

चांगुणाबाय घरात निघून गेली.

भागूबाय गावातच होती. खाडीपलीकडे जायला दुपारशिवाय होडी नव्हती, म्हणून ती रात्री मावसबहिणीकडे राहिली होती. सुगंधा गेली तेव्हा ती पिशवी भरत होती.

"आत्या, चुकलं माझं."

"काय चुकलं? गोड आवाज हाय तुजा."

"तुमची ओळ मी घेतली."

"घेतलीस तं घेतलीस." भागूबायने पिशवीत लुगडे कोंबले. "तुज्या माईकम्होरं माजं काय काम?"

एरवी सुगंधाला कुठल्याही सभेत, कुठल्याही साहेबापुढे बोलायला सुचे. आज तिने फक्त माईकची पिशवी खांद्यावरून काढली आणि मावसबहिणीच्या ओटीवर ठेवली. ते करतानासुद्धा तिला आपलीच लाज वाटली, कारण असे केलेले बरे दिसेल, हा विचार मनात डोकावून गेलाच होता.

भागूबाय कितीतरी वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसली.

"पोरीला न्हाताना बगन आन जान," शेवटी ती म्हणाली. "आत नाय येत."

दोघी लग्नघराकडे निघाल्या. सुगंधा पुढे, आत्या मागे अंतर ठेवून. वाटेत सुगंधाचे डोके पुन्हा चालू लागले. सवय लागलेले डोके ते, लाजेतही गप्प बसेना. तिने ठरवून टाकले, की त्या ओळीला आपण थांबायचे. म्हातारी थांबते तसेच. मान तशीच वळवायची. मग आत्या ओळ म्हणेल, कालची चूक भरून निघेल, आणि संध्याकाळी म्हातारीला सांगता येईल.

न्हाणाचे पाणी तापवायला पडवीत चूल पेटवली होती. चुलीशेजारी पाटावर नवरी बसली होती, केस मोकळे सोडून, कालच्या हळदीने पिवळीधमक. बायकांनी पडवी भरली होती. सुगंधाच्या रविवारच्या वर्गातल्या पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या, आपल्या बाईचा पहिला धवला ऐकायला. कमलने तळहाताची वाटी करून त्यात तेल घेतले होते.

भागूबाय अंगणात, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चपला पायांतच होत्या. कमलने एकदा तिकडे बघितले आणि पुन्हा तेलाकडे बघितले.

सुगंधाने धवला धरला.

"मांडव घातला दारी गो, सावली परली घरी,
तेलाची वाटी गो घेऊन, कोन आली..."

ती थांबली.

मान वळवली. अंगणाकडे बघितले.

"मंग काय गो?" ती म्हणाली.

भागूबायने तिच्याकडे नीट निरखून पाहिले.

"काल तं पाठ व्हतं," ती म्हणाली. "आज काय झालं? कशाला नाटकं करतंस?"

पडवीत हसू फुटले. आधी एकीला, मग सगळ्यांना. भिंतीशी उभ्या पोरींनी माना खाली घातल्या. कमललाही हसू आले आणि तिने ते पदराखाली दाबले.

बरे, नाही जमले तर नाही, निदान काम अडू नये म्हणून ओळ आपणच म्हणून टाकावी, असे मनाशी म्हणून सुगंधाने तोंड उघडले.

ओळ नव्हती.

तिने पुन्हा सुरुवातीपासून मनात म्हणून बघितले. मांडव घातला दारी... सावली... तेलाची वाटी... आणि पुढे नुसती पांढरी भिंत. शेकडो वेळा म्हटलेली ओळ. काल हिनेच ती दुसरीच्या तोंडातून काढून घेतली होती. आज ती तिच्याकडे यायला तयार नव्हती.

"आता खरंच आठवत नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

आता कोणी हसले नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होते.

"मोबाईलमंदी बग गो," मागून कोणीतरी म्हणाले. "तू सगले धवले त्याच्यात भरलेत ना?"

चुलीत लाकूड तडकले. नवरी ओल्या पाटावर आखडून बसली होती. कमलच्या बोटांच्या फटींतून तेल गळायला लागले. आधी थेंब, मग धार, तिच्या नव्या कोऱ्या साडीवर. लग्नघरातली बाई ती, तिला धीर कुठला. तिनेच आपल्या जाड्याभरड्या आवाजात ओळ ओढली.

"आते आली उंबऱ्याशी, वाटी तिच्या हाताशी..."

"उंबऱ्याशी नाय."

आवाज अंगणातून आला होता.

कमल थांबली. सगळ्या बायकांच्या माना वळल्या.

"चुलीशी," भागूबाय म्हणाली. "आते आली चुलीशी. उंबऱ्याशी उबी राह्याला ती काय मागाया आलीय?"

"आमी तं उंबऱ्याशीच आयकलंय," कमल म्हणाली.

"कोनाकरशी आयकलंस? माजी आय चुलीशी बोलायची. ह्याच परवीत. मी तिच्या मांडीवर बसून आयकलंय."

इतक्या वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या, त्या अशा भांडत. आणि पहिल्याच बोलण्यात तो शब्द आला, जो या घरात भागूबायसमोर कोणी उच्चारत नव्हते.

आय.

कमलचे तोंड बारीक झाले. ती तळहातातल्या उरल्यासुरल्या तेलाकडे बघत राहिली.

"मना नाय शिकवलं त्यांनी," ती म्हणाली. "मीपन कवा इचारलं नाय." मग जरा थांबून म्हणाली, "तुमीच बोला, बाय. तेल गलतंय."

भागूबायने चपला काढल्या.

ती उंबरा ओलांडून आत आली. बायकांनी वाट दिली. चुलीपाशी येऊन तिने आपला तळहात कमलच्या तळहाताखाली धरला आणि गळणारे तेल घेतले. दोघींपैकी कोणीच हात लगेच काढला नाही.

"आते आली चुलीशी," भागूबायने म्हटले. आवाज फाटका होता, सूर कुठल्या कुठे चालला होता, मध्येच रडू येऊन तो तुटला. कमलने तो उचलला. मग शेजारणीने, मग पडवीतल्या सगळ्या बायकांनी. भिंतीशी उभ्या पोरीही म्हणू लागल्या. रविवारच्या वर्गात ज्यांची तोंडे उघडता उघडत नसत त्या गळा काढून गात होत्या. नवरी तेल लावून घेत होती आणि रडत होती, आणि आत्या तिला रडू नको म्हणून सांगत स्वतः रडत होती.

"बाजूला व्हय गो, सारीला तेल लागंल," कोणीतरी सुगंधाला म्हणाले.

ती बाजूला झाली.

तिला आनंद झाला होता. खोटे कशाला सांगा, डोळे तिचेही भरले होते. पण आनंदापेक्षा लाज मोठी होती. आधी नाटक केले, ते पकडले गेले. मग खरोखरच विसरली, सगळ्या गावासमोर, आपल्या पोरींसमोर. दुपारच्या होडीबरोबर ही बातमी खाडीपलीकडे जाणार होती. ती मागल्या दाराने बाहेर पडली. कोणी तिला थांब म्हटले नाही, कारण ती गेल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही.

चांगुणाबाय अंगणात जवळा वाळत घालत होती.

"कसा झाला न्हान?"

"आत्या आत आली," सुगंधा म्हणाली. "चुलीपर्यंत. कमलकाकूच्या हातातलं तेल तिनं घेतलं."

"बेस झालं."

"मी काही केलं नाही, आये. आधी मी मुद्दाम थांबले. तुझी नक्कल केली. आत्यानं ती सगळ्यांदेखत पकडली. मग मला खरंच आठवेना. अजूनही आठवत नाही. उंबऱ्याशी म्हणतात की चुलीशी, तेही कळत नाही."

चांगुणाबाय जवळा पसरत राहिली.

"तू खरंच विसरायचीस का, आये? की मुद्दाम थांबायचीस?"

म्हातारीने पुष्कळ विचार केला. निदान तसे दाखवले तरी.

"आता तेपन इसरले," ती म्हणाली.

सुगंधाला हसू आले नाही. ती जमिनीकडे बघत होती.

"मी आता गाणार नाही. वर्गही बंद करते. पोरींना कुठल्या तोंडानं सांगू, की असं म्हणा आणि तसं म्हणा? आणि बायकांच्या तोंडची गाणी मी किती वर्षं काढून घेत होते... माझ्या हातून झालं ते पुष्कळ झालं."

सुगंधा पदर तोंडाला लावून रडली, आणि म्हातारीने तिला रडू दिले.

तेवढ्यात कुंपणाशी कोणी हाक मारली. खाडीपलीकडची एक बाई होती, सकाळच्या होडीने आलेली, हातात नारळ आणि हळदकुंकवाचे ताट घेतलेली. तिच्या मुलाचे लग्न ठरले होते. धवलारणीला बोलवायला ती आली होती, आणि येताना लग्नघरावरून आली होती, हे तिने सुगंधाकडे ज्या नजरेने बघितले त्यावरून कळत होते.

तिने चांगुणाबायपुढे ताट धरले.

"मना नाय जमायचं," चांगुणाबाय म्हणाली. "हिला ने."

बाई चाचरली. तिने आवाज खाली आणला, पण अंगण लहान होते.

"ही सकालचीच ना? हिला धवले येतात का पन?"

सुगंधाने मान आणखी खाली घातली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरे, असे तिला वाटत होते.

चांगुणाबायने ताटातला नारळ उचलला. दोन्ही हातांनी तो सुगंधाच्या ओटीत घातला.

"कायपन येत नाय तिला," ती त्या बाईला म्हणाली. "हिलाच ने."